हडपसर, उंची साडेतेरा हजार फूट

हिमालयात जाऊन आलेली माणसं मला लांबूनच ओळखू येतात. त्यांचं नाक सोललेलं असतं आणि फोनमध्ये चारशे फोटो असतात, त्यातले तीनशे ऐंशी आपल्याला बघावे लागतात. मीही परवा साडेतेरा हजार फुटांवर जाऊन आलो. पण घाबरू नका, माझ्याकडे एकही फोटो नाही. एक व्हिडिओ आहे, आणि तो मी कुणाला दाखवणार नाही.

ही उंची मी गाठली हडपसरला. चार दिवस रोज सकाळी येरवड्याहून स्कूटर काढायची, मागे माझी बायको सुजाता, तिच्या मांडीवर डबा, आणि चढाईला सुरुवात. दुपारी चहाच्या वेळेला पुन्हा पुण्याच्या उंचीवर. पुण्याची उंची तशी दोन हजार फुटांच्या आतच आहे. आमच्या बोलण्यावरून बाहेरच्यांना जास्त वाटते, इतकंच. वाटेतल्या वाहतुकीबद्दल मी लिहिणार नाही. खरे गिर्यारोहक पायथ्यापर्यंतच्या हालांबद्दल बोलत नाहीत.

आता हा उपद्व्याप कशासाठी? आमची एकुलती एक मुलगी यशोधरा लडाखला एका वेधशाळेत काम करते. रात्रभर तारे बघते आणि दिवसा फोन उचलत नाही. तिथंच तिला स्टानझिन भेटला. मुलगा हुशार, कष्टाळू आणि अतिशय कमी बोलणारा. सासऱ्याला बोलायला एवढी मोकळी जागा देणारा जावई भाग्यानंच मिळतो. ते बौद्ध, आम्हीही बौद्ध. फरक एवढाच, की माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्यांच्या घरी धम्म कधीपासून आहे हे त्यांनाही सांगता येत नाही. सरकारी नोकरीत याला सेवाज्येष्ठता म्हणतात. मी ती निमूट मान्य केली.

लग्न स्टानझिनच्या गावी ठरलं. गाव साडेतेरा हजार फुटांवर. तिथंच का, तर त्याची आजी. आईवडील लहानपणीच गेलेल्या या मुलाला तिनं एकटीनं वाढवलं. आता ती नव्वदीला आलीय, गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, आणि ती गावाबाहेर पाऊल टाकत नाही. यशूनं फोनवर मला अटी वाचून दाखवल्या.

“बाबा, आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे. मग हडपसरला सानिकाकडे चार दिवस. ती हो म्हणाली तरच तुम्ही वर यायचं. नाही म्हणाली तर आम्ही पुण्यात येऊन हॉल घेतो.”

“आणि आजी?”

“आजी व्हिडिओ कॉलवर.”

एवढं बोलून ती गप्प झाली. माझी मुलगी आहे ती, गप्प बसणं तिच्या रक्तात नाही. त्या शांततेत मला कळलं की आता सगळं माझ्यावर आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना हिरवा कंदील दाखवला, आणि आम्ही मोहिमेवर निघालो.

पहिला दिवस: आठ हजार फूट

पहिल्या दिवशी मी पूर्ण तयारीनिशी गेलो. स्वेटर, दोन जोड मोजे, हेल्मेटखाली कानटोपी, आणि खिशात कापूर, कारण कापूर हुंगला की दम लागत नाही असं कचेरीतल्या एका अनुभवी गृहस्थांनी सांगितलं होतं. महिना मे होता. गाडीतळाच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सुजाताला विचारलं, “मावशी, काकांना थंडी-ताप हाय का?”

“नाही हो,” सुजाता म्हणाली. “त्यांना हिमालय झालाय.”

सानिका ही यशूची कॉलेजातली मैत्रीण. तिशीची, शरीरशास्त्र शिकलेली, स्वतः खरे डोंगर चढून आलेली. हडपसरला ती गिर्यारोहकांना उंचीचा सराव देणारं केंद्र चालवते. मला बघून तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. हसू दाबण्याची ही पद्धत मी ओळखतो. माझ्या नाटकांना आलेले पाहुणे शोकप्रसंगी हेच करतात.

“काका, आत सव्वीसवर एसी आहे. थंडी नाहीये.”

“मग हिमालय कसला?”

“फक्त ऑक्सिजनपुरता.”

खोली काचेची, आमच्या हॉलएवढी. आत खुर्च्या, चालायचे दोन पट्टे, एक खाट. बाहेर एक यंत्र पिठाच्या गिरणीसारखं घुमत असतं आणि हवेतला ऑक्सिजन काढून घेऊन उरलेली हवा आत सोडतं. इथं खाली हवेच्या शंभर भागांत एकवीस भाग ऑक्सिजन असतो. त्या खोलीत तो साडेपंधरा केला की झालं आठ हजार फूट. खऱ्या डोंगरावर प्रमाण एकवीसच राहतं, पण हवाच विरळ होत जाते. शरीराला दोन्ही सारखंच: प्रत्येक श्वासात माल कमी.

आम्ही बसलो. बोटाला ऑक्सिजन मोजणारा तो चिमटा लावला, जो कोविडपासून घराघरांत रिमोटशेजारी पडलेला असतो. सानिकाही आत आमच्याबरोबर.

“काका, तुमचा श्वास कोण चालवतं?”

“मी.”

“आणि झोपेत?”

“झोपेत सुजाता. ती कोपर मारते, मग माझं घोरणं थांबतं.”

मग तिनं समजावून सांगितलं. मानेच्या दोन्ही बाजूंना, मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जिथं दुभंगते, तिथं तांदळाच्या दाण्याएवढा एकेक अवयव असतो.

“आंबेमोहोर की बासमती?” मी विचारलं.

“अहो, ऐका की ती काय सांगते ते,” सुजाता म्हणाली.

हे दाणे रक्तातला ऑक्सिजन चाखत बसतात. तो कमी झाला की ते मेंदूच्या मुळाशी असलेल्या श्वासाच्या केंद्राला निरोप धाडतात, आणि आपल्याला न विचारता श्वास खोल आणि भरभर होतो. गंमत अशी की एरवी त्या केंद्राला ऑक्सिजनची फारशी फिकीरच नसते. त्याचं सगळं लक्ष आपण बाहेर टाकतो त्या कार्बन डायऑक्साइडवर. तो साचला की जीव घुसमटतो. ऑक्सिजन कमी पडला तर मात्र तेवढी घुसमट होत नाही.

हे ऐकून मी खुर्चीतून उठलोच. मी सत्तावीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतोय. “म्हणजे आमच्या ऑफिसासारखंच! आवक कमी झाली तर कुणाचं काही बिघडत नाही. जावक तुंबली की साहेब ओरडतो!”

“एक्झॅक्टली, काका! हे मी लेक्चरला वापरू?”

“वापर. पण नाव घे माझं.”

माझा आकडा त्र्याण्णव आला, सुजाताचा चौऱ्याण्णव. मग सानिकानं आम्हाला पट्ट्यावर चालायला लावलं आणि दहा मिनिटांनी विचारलं, “दम लागतोय?”

सुजाता म्हणाली, “हो, थोडा लागलाय.”

मी म्हणालो, “छे!”

इथं मला माझ्या कलेबद्दल सांगणं भाग आहे. माझे वडील भीमजयंतीला जलशात गायचे. त्यांनी मला एकच धडा दिला: कलाकाराला दम लागलेला लोकांना दिसता कामा नये. दोन शब्दांच्या फटीत, ओठ न हलवता, खांदे न उचलता हवा ओढायची. चोरटा श्वास म्हणतात त्याला. पुढे हौशी रंगभूमीवर तीस वर्षं मी त्यावरच टाळ्या घेतल्या. एका दमात म्हटलेलं माझं लांबलचक स्वगत ऐकून एकदा परीक्षकांनीच मोठ्यानं श्वास घेतला होता. तेव्हा आठ हजार फुटांवर मला दम लागला होता का? लागला असेलही. पण तो दाखवायचा? काचेपलीकडे उभं राहून दुसऱ्या तुकडीतले तीन गिर्यारोहक आमच्याकडे बघत असताना?

दुसरा दिवस: अकरा हजार फूट

या प्रदेशातल्या चालीरीती आपल्यापेक्षा वेगळ्या आहेत. इथं कुणी घाई करत नाही. बुटाची नाडी बांधायला वाकलेला माणूस मध्येच थांबून विचारात पडल्यासारखा दिसतो. वाद घालायला कुणालाच परवडत नाही, म्हणून सगळे एकमेकांशी सभ्यपणे वागतात. पुण्यात हा प्रयोग व्हायला हवा. शिवाय वारंवार लघवीला जावं लागतं. त्याचंही सानिकाकडे शास्त्रीय उत्तर होतं, ते पुढे सांगतो.

खाण्याचं मात्र वाईट. सुजातानं धपाटे आणले होते, सोबत दही आणि मिरचीचा खरडा. घरी मी चार धपाटे उभ्याउभ्या खातो. इथं अर्ध्यावर हात थांबला. भूकच नाही. “तीस वर्षांत पहिल्यांदा डबा परत चाललाय,” सुजाता म्हणाली. “ही खोली घरी बसवून घेता येईल का हो?”

दुपारी एक वाजता सानिका म्हणाली, “आता झोपा. झोपेत शरीर काय करतं ते बघायचंय.” दुपारी एक वाजता झोपायचा हुकूम! हा एकच नियम वर आणि खाली अगदी सारखा निघाला. खाट एकच होती, म्हणून आधी सुजाता आडवी झाली. मी शेजारी खुर्चीत. सानिका काचेबाहेर चहा घेत होती.

पाच मिनिटांत तिला झोप लागली. मी तिच्याकडे बघत होतो, दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून. तिचा श्वास हळूहळू मोठा होत गेला, मग आणखी मोठा, मग लहान, आणखी लहान. आणि थांबला.

मी वाट बघितली. छाती हलेना. मी मनात आकडे मोजले. पाच. सहा. सात. यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. नऊ. दहा. मी खुर्ची पाडून उठलो, काचेवर दोन्ही हातांनी मारलं. त्याच क्षणी सुजातानं एवढा मोठा श्वास ओढला, की पाण्याखालून वर आल्यासारखी वाटली. आणि पुन्हा संथ झोपली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मोठा, लहान, बंद, आणि मग तो ओढलेला श्वास.

सानिका आत आली होती. ती हळू आवाजात म्हणाली, “काका, घाबरू नका. उंचीवर बहुतेकांचं होतं हे.”

“श्वास बंद पडतो आणि घाबरू नका?”

“तुमचं आवक-जावकच आहे हे. आवक कमी, म्हणून मानेतले दाणे म्हणतात जोरात श्वास घ्या. जोरात घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्तच बाहेर जातो, जावक टेबल रिकामं पडतं. केंद्र म्हणतं, कामच नाही, मग थांबा. थांबल्यावर आवक आणखी खाली येते, मग दाणे पुन्हा ओरडतात. जागेपणी आपण मध्ये असतो म्हणून हे भांडण दिसत नाही. झोपेत दोघंच असतात.”

“आणि याला उपाय?”

“वेळ. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की रक्तात अल्कली वाढतं, आम्लाच्या उलटं. दोन-चार दिवसांत मूत्रपिंडं ते जास्तीचं अल्कली लघवीवाटे बाहेर टाकतात. मग केंद्र एवढं थांबा-थांबा करत नाही. म्हणून तर वर जाताना टप्प्याटप्प्यानं जायचं. एकदम गेलात तर मूत्रपिंडांना वेळच मिळत नाही.”

मला ते कळलं. पण मी सुजाताच्या खांद्याला हात लावून तिला उठवलंच.

“काय झालं? चहा आला?” ती म्हणाली.

“नाही. उगाच.”

“उगाच कुणी उठवतं का, अहो? छान लागली होती.”

तिला काहीच कळलेलं नव्हतं. मी त्या दिवशी परतताना स्कूटर हळू चालवली आणि येरवडा येईपर्यंत एकही किस्सा सांगितला नाही. तिनं दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना म्हणून.

तिसरा दिवस: साडेतेरा हजार फूट

हा परीक्षेचा दिवस. खोलीत ऑक्सिजन शंभरात साडेबारा. ते तीन गिर्यारोहकही आज आमच्याबरोबर आत होते. सानिकानं नियम सांगितले: अर्धा तास बसायचं, मग दहा मिनिटं सावकाश चालायचं, आणि काही वेगळं वाटलं की लगेच सांगायचं. “लगेच म्हणजे लगेच, काका.”

सुजाता रोज पहाटे आनापान करते. नुसता येणारा-जाणारा श्वास बघायचा, त्याला हात लावायचा नाही. मी तिला नेहमी म्हणतो, एवढा वेळ बघतेस, कधी काही घडलंय का? आज घडत होतं. ती डोळे मिटून बसली होती आणि मध्येच सांगायची, “सानिका, श्वास वाढलाय गं माझा. बोटांना मुंग्या येतायत.” उठून चालायला लागली तेव्हा तर ती लोहाराच्या भात्यासारखी आवाज करत होती. आकडा शहाऐंशी. मला तिची जरा लाज वाटली, खरं सांगतो. चारचौघांत एवढं धापा टाकायचं?

मी मात्र ताठ. चोरटे श्वास, स्थिर खांदे, ओठांवर स्मित. आकडा एक्क्याऐंशी म्हणाली सानिका. मी म्हटलं, असेल. आणि मग हळूहळू मला असं काही छान वाटायला लागलं, की काय सांगू! अंग हलकं झालं. त्या काचेच्या खोलीत एक विलक्षण उजेड पसरलाय असं वाटलं. समोर तीन प्रेक्षक होते. लग्नात वधूपिता म्हणून करायचं भाषण माझ्या डोक्यात तयार होतंच. मी पट्ट्यावरून उतरलो आणि ते सुरू केलं.

लोकहो, ते भाषण! एकेक वाक्य खणखणीत. एक विनोद, त्यावर पिकलेला हशा. पुढे आजीला उद्देशून एक ओळ, तिथं गिर्यारोहकांच्या डोळ्यांत पाणी. शेवटी टाळ्या. मोठ्या, जोरदार, थांबत नव्हत्या. मी वाकून अभिवादन केलं, आणि एवढ्यात कुणीतरी माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क दाबला. मला राग आला. पडदा पडायच्या आधीच?

बाहेर आणून, पाणी पाजून, अर्ध्या तासानं सानिकानं मला तिच्या फोनवरचा व्हिडिओ दाखवला.

त्यात एक निळसर ओठांचा गृहस्थ एका हातानं पट्ट्याचा दांडा धरून उभा आहे. तो म्हणतो, “आजी, आम्ही वर आलो.” मग थांबतो. मग म्हणतो, “आजी, आम्ही वर आलो.” असं चार वेळा. मध्ये स्वतःशीच हसतो. सानिका त्याला विचारते, शंभरातून सात वजा करत जा. तो म्हणतो, “त्र्याण्णव, शहाऐंशी, आणि पुढचे सगळे.” सगळ्यांत वाईट म्हणजे टाळ्या. टाळ्या वाजवत होती एकटी सुजाता. मी तिच्याकडे बघावं म्हणून. ती ओरडत होती, “अहो, इकडे बघा! बसा खाली! अहो!”

कुणीही हसत नव्हतं. डोळ्यांत पाणी होतं ते सुजाताच्या.

“आकडा पंच्याहत्तरच्या खाली गेला होता, काका,” सानिका म्हणाली. “त्याआधी मी तुम्हाला तीनदा विचारलं, बरं वाटतंय का. तुम्ही काय म्हणालात आठवतं?”

आठवत नव्हतं. पण अंदाज होता. “एकदम मस्त?”

“एकदम मस्त.”

“पण मला खरंच मस्त वाटत होतं गं. घुसमट नाही, काही नाही.”

“तेच तर. आधीच्या अर्ध्या तासात तुमची जावक भरपूर झाली होती, म्हणून घुसमट नव्हतीच. मानेतले दाणे तेवढे ओरडत होते. त्यांची हाक फार मोठी नसते, काका, सराव असला तर दाबता येते. आणि तुमचा तीस वर्षांचा सराव आहे. मग ज्या मेंदूनं तक्रार करायची, त्यालाच कमी पडायला लागलं.”

“कोविडमध्ये आमच्या वस्तीत अशी माणसं होती,” सुजाता म्हणाली. “फोनवर हसत बोलत होती.” पुढचं तिनं सांगितलं नाही. 

“मी उद्या एकदा परत बघेन,” सानिका म्हणाली, “पण आज जर लिहायचं असेल, तर माझं उत्तर ‘नाही’ आहे. फुप्फुसांमुळे नाही. ही खोली काही भविष्य सांगत नाही, आज इथं ठीक असलेला माणूस वर आजारी पडू शकतो. म्हणून वर एकच गोष्ट वाचवते, माणसानं वेळेवर सांगणं. आणि त्या गावात खाली न्यायला गाडी बोलावली तर यायला किती तास लागतील हे यशूला विचारा. तुम्ही तिथं दीड तास ‘एकदम मस्त’ म्हणत राहिलात तर मी काय करू?”

बाहेर पडल्यावर आम्ही हातगाडीवरची भेळ घेतली. भूक परत आली होती, चव मात्र नव्हती. यशूचा फोन आला. सानिकानं तिला आधीच कळवलं होतं. यशू रागावली नाही, तेच जास्त लागलं. ती म्हणाली, “ठीक आहे बाबा. मी पुण्यातल्या हॉलची चौकशी करते. आजीला स्टानझिन सांगेल.” मागे स्टानझिन कुणाशी तरी त्याच्या भाषेत बोलत होता, आणि एक म्हातारा आवाज काहीतरी विचारत होता.

मी भेळेचा कागद चुरगाळला. “एका परीक्षेत नापास झालो म्हणून—”

“तुमची फुप्फुसं पास झालीयत,” सुजाता म्हणाली. “तोंड नापास झालंय.”

“मग तू एकटी जा. लग्न तिथंच होऊ दे.”

“आणि मुलीला काय सांगू? बापाला दमलो म्हणायला लाज वाटते म्हणून आला नाही?”

चौथा दिवस: पुन्हा साडेतेरा हजार फूट

सकाळी सानिका म्हणाली, “प्रत्येकाची आपली एक खूण असते. कुणाच्या बोटांना मुंग्या, कुणाला जांभया, कुणाला उगाच राग येतो. आकडा बघायचा नाही, खूण ओळखायची. तुमची काय असेल?”

“त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटायला लागतं,” सुजाता म्हणाली.

“काकू, ते तर खालीसुद्धा असतं.”

“हो ना. म्हणून ती खूण कामाची नाही.”

दोघींनी मिळून माझी बरीच करमणूक करून घेतली. मी सहन केली. मग आत गेलो. आकड्याचा पडदा माझ्याकडून फिरवून ठेवला होता. ते तिघे गिर्यारोहक होतेच, कालच्या प्रयोगानंतर जरा अंतर राखून.

मी बसलो, डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न करता श्वासाकडे बघितलं. सवयीनं मी तो चोरायला जायचो, आणि सोडून द्यायचो. सोडला की तो आपसूक मोठा व्हायचा, तोंड उघडायचं, खांदे वर जायचे, आवाज व्हायचा. अत्यंत कुरूप आवाज. शेजारी सुजाता तसाच आवाज करत होती. आम्ही दोघं दोन जुन्या पंपांसारखे चाललो होतो. पण कालच्यापेक्षा डोकं साफ होतं.

मग चालायला उठलो. तीन मिनिटं. पाच मिनिटं. ओठांभोवती बारीक मुंग्या सुरू झाल्या. आणि त्याच वेळी मनात एक वाक्य आलं, गिर्यारोहकांना सांगण्याजोगं, फारच सुंदर. मी तोंड उघडलं. वाक्याचा शेवट सापडेना. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा शेवट नाही.

मी रंगभूमीवर कधी शब्दांसाठी अडलेलो नाही. ओळ गेली तर मी दुसरी रचतो. आत्ताही रचता आली असती. तिघे बघत होते. सानिका काहीच विचारत नव्हती, मुद्दामच. सुजाता तर माझ्याकडे बघतही नव्हती.

“सानिका,” मी म्हणालो, “मला दम लागलाय. शब्द सापडत नाहीयेत. मला बाहेर घे.”

एवढीच ती तीन वाक्यं. स्वर सपाट, मध्ये धाप, एकही टाळी नाही. दार उघडलं, बाहेरची हवा आली, मी खुर्चीत बसलो. दहा मिनिटांची चाल माझ्याकडून सहा मिनिटांतच संपली होती. मला वाटलं, झालं. पुण्यातला हॉल.

सानिका कागद भरत होती. “आकडा ब्याऐंशी होता तुम्ही बोललात तेव्हा,” ती म्हणाली. “मी पंच्याहत्तरला थांबवणार होते. त्याच्या बरंच आधी तुम्ही स्वतः थांबलात.” तिनं सही केली. “लेहला आधी चार दिवस नुसतं पडून राहायचं. मग मधल्या गावी दोन रात्री. मग वर. भाषण नाही.”

“एक छोटं?”

“काका.”

“बसून?”

“अहो,” सुजाता म्हणाली, आणि विषय संपला.

तिथूनच यशूला व्हिडिओ कॉल लावला. ती उन्हात एका घराच्या गच्चीवर बसली होती, शेजारी स्टानझिन. मी सगळं सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात सुजातानं फोन माझ्या हातातून घेतला.

“यशू, हे स्वतःहून बाहेर आले. स्वतःच्या तोंडानं म्हणाले, दम लागलाय.”

“आई, खरं सांग.”

“मी शेजारी होते.”

यशूनं तोंडावर हात ठेवला. मग ती मागे वळून काहीतरी बोलली, स्टानझिननं ते त्याच्या भाषेत पुढे सांगितलं. चित्रात एक सुरकुतलेला, उन्हानं तांबूस झालेला चेहरा आला आणि थेट माझ्याकडे बघायला लागला. मी नमस्कार केला. आजी बराच वेळ बोलल्या. स्टानझिननं ऐकून घेतलं, यशूला सांगितलं, आणि यशू हसत हसत डोळे पुसायला लागली.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“आजी म्हणतायत, त्यांना सांगा सावकाश चढा. मी कुठं जात नाहीये.”